नळ पाणी सोडतो, तसा ओढूनही घेतो
सोलापुरातल्या हॉटेल, मेस, खानावळ, केटरिंग आणि मंगल कार्यालयांच्या मालकांसाठी आमच्या प्लंबिंग फर्मचं माहितीपत्रक

नमस्कार मालक,

तुमच्या काउंटरवर आरओ आहे, जार आहे, मागेल त्याला बाटलीबंद पाणीही मिळतं. त्यामुळे पाण्याची बाजू पक्की झाली असं वाटणं साहजिक आहे. पण आरओचं पाणी फक्त ग्लासात जातं. कोथिंबीर कशात धुतली, कांदा-काकडी कुठं भिजत पडली, कणीक कुठल्या पाण्यानं मळली, ताटं कशानं विसळली, बर्फ कशाचा केला, वस्तादांनी हात कुठं धुतले? हे सगळं मोरीच्या नळावर चालतं. त्या नळाचं पाणी हौदात पडेपर्यंत चांगलं असलं, तरी तुमच्याच स्वयंपाकघरातल्या पाइपात ते बिघडू शकतं. महापालिकेच्या लाइनवर तुमचा-आमचा हात चालत नाही. हौदापासून तोटीपर्यंतचं सगळं मात्र तुमच्या ताब्यात आहे, म्हणून हे पत्रक.

पाणी उलटं कसं जातं

पाइपातल्या पाण्याला दिशा कळत नाही. जिकडे दाब कमी, तिकडे ते जातं. लाइनला दाब असेपर्यंत पाणी नळाकडे येतं. दाब गेला की परत फिरतं. आपल्या सोलापुरात हे सतत घडतं, कारण उजनी धरणाचं पाणी आपल्याला पाळीनं मिळतं. काही दिवसांआड, ठरलेल्या वेळी पाणी सुटतं आणि मग जातं. जाताना लाइन उताराकडे रिकामी होते आणि मागे ओढ तयार होते. त्या क्षणी एखादी तोटी उघडी असेल आणि तिला लावलेली नळी खरकट्या पाण्याच्या टपात बुडालेली असेल, तर शहाळ्यात स्ट्रॉ घालावी तसं टपातलं पाणी लाइनीत चढतं. पुढच्या पाळीला पाणी सुटलं की पहिल्यांदा तेच बाहेर येतं, तुमच्याकडे किंवा शेजाऱ्याकडे.

थेट लाइनला मोटार लावली की ही ओढ कैक पटींनी वाढते. रस्त्याखालच्या पाइपाला चीर असेल, शेजारून गटार जात असेल, तर मोटार त्या चिरेतूनही ओढते. नियमात बसत नाही हा भाग वेगळाच. पण तुमच्याच हौदात गटाराचं पाणी यायचं ते याच वाटेनं. मोटार हौदातून टाकीत चढवायला वापरा, लाइनवर नको.

तुमची लाइन गच्चीवरच्या टाकीवर असेल तरी सुटका नाही. टाकी रिकामी झाली, किंवा दुरुस्तीसाठी वरचा व्हॉल्व्ह बंद करून खालचा नळ उघडला, की वरच्या मजल्याची लाइन खाली ओढ देते. डोळ्यांनी पाहायचं असेल तर पाहा. वरच्या मजल्याच्या नळाला स्वच्छ पारदर्शक नळी जोडा, तिचं दुसरं टोक पिण्याच्या पाण्याच्या ग्लासात बुडवा आणि तो नळ उघडा ठेवा. आता एकाला टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला सांगा आणि दुसऱ्याला खालच्या मोरीचा नळ सोडायला. ग्लासातली पातळी उतरायला लागते, नळीतून पाणी मागे जाताना दिसतं. ग्लासाच्या जागी साबण, तेल आणि उष्टं असलेलं टप आहे असं समजा. आमच्या बहुतेक गिऱ्हाइकांना एवढं दाखवलं की पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

तीन बोटं अंतर

यावरचा सगळ्यात भरवशाचा उपाय फुकटात होतो: तोटीचं तोंड आणि खालच्या भांड्याची वरची कड यांच्यामध्ये मोकळी हवा ठेवायची. पाणी कितीही ओढलं तरी हवा ओलांडून वर उडी मारत नाही. अंतर किती? तोटीच्या आतल्या व्यासाच्या दुप्पट, आणि कमीत कमी २५ मिलिमीटर. स्वयंपाकघरात फूटपट्टी कोण घेऊन बसणार, म्हणून आम्ही तीन आडवी बोटं सांगतो. नेहमीच्या अर्धा इंची तोटीला ती पुरून उरतात. मोजायचं ते सिंक काठोकाठ भरल्यावर पाणी जिथं येईल तिथून, एरवी असतं त्या पातळीपासून नाही.

हे अंतर मोडतं ते नळीमुळे. भांडी घासणाऱ्या मावशींना लांबच्या पातेल्यापर्यंत पाणी न्यायचं असतं, म्हणून तोटीला हिरवी नळी चढवलेली असते आणि तिचं टोक दिवसभर टपात पडलेलं असतं. हीच नळी संध्याकाळी फरशी धुवायला, आणि सकाळी पिण्याचा पिंप भरायला! तिचं टोक एकदा हातात धरून बघा. आतून बोट फिरवलं तर बुळबुळीत थर लागतो. मावशींना रागावून उपयोग नाही, त्यांची अडचण खरी आहे. तोटी उंच आणि फिरणारी लावून द्या म्हणजे नळी लागणारच नाही. नळी हवीच असेल तर टपाच्या कडेपेक्षा वर संपेल एवढी आखूड कापा, भिंतीला हूक मारा आणि पिंप भरायची नळी वेगळ्या रंगाची, वेगळ्या जागी ठेवा. स्प्रिंगचा हँड शॉवर बसवला असेल तर तो सोडल्यावर सिंकमध्ये लोंबता कामा नये.

“एनआरव्ही बसवलाय की” असं उत्तर आम्हाला नेहमी मिळतं. एनआरव्ही म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप. एनआरव्ही मदत करतो, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याला क्षार फार. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच एनआरव्हीच्या झडपेवर बसतो. मग झडप पूर्ण मिटत नाही, आणि ते बाहेरून दिसतही नाही. जिथं हवेचं अंतर ठेवणं शक्यच नाही, तिथं व्हॅक्यूम ब्रेकर (ओढ बसताच हवा आत घेऊन ती तोडणारा) किंवा दुहेरी झडपेचा बॅकफ्लो प्रिव्हेंटर (पाणी उलटं जाऊ न देणारा) लागतो, आणि तो वर्षातून एकदा उघडून तपासावा लागतो.

ड्रेनेजकडून वर येणारी घाण

आरओची वेस्टची बारीक पांढरी नळी कुठं सोडली आहे ते आज बघा. दहापैकी बऱ्याच ठिकाणी ती सिंकखालच्या ड्रेनेज पाइपात खुपसून वरून टेप गुंडाळलेला असतो. चेंबर तुंबलं की मैला पाणी त्या पाइपात चढतं आणि नळीच्या टोकाला भिडतं. बर्फाच्या मशीनचं तसंच, आणि ते जास्त वाईट, कारण तुंबलेलं पाणी मागे चढून बर्फ साठायच्या कप्प्यापर्यंत जाऊ शकतं. बर्फ कुणी उकळून देत नाही. डिशवॉशर, भाजी धुवायचं सिंक, बेन-मारी (गरम पाण्यावर पदार्थ गरम ठेवायचं काउंटर), या सगळ्यांचं सांडपाणी आधी मोकळ्या फनेलमध्ये किंवा जाळीवर पडलं पाहिजे, मध्ये हवा ठेवून, आणि तिथून ड्रेनेजला. थोडे शिंतोडे उडतात, मान्य. उडू द्या.

हौद, बोअर, टँकर

जुन्या पेठांतल्या जागा अरुंद. तिथं हौद बहुधा दारातच असतो आणि झाकण फरशीच्या सपाटीला. फरशी धुतली की ते पाणी झाकणाच्या फटीतून आत. झाकणाची कड फरशीपासून चार-सहा इंच उचलून घ्या, गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे. ओव्हरफ्लो पाइप ड्रेनेजला थेट जोडू नका. बाहेर मोकळा सोडा आणि तोंडाला बारीक जाळी लावा. बॉल कॉकसुद्धा पाण्यात बुडालेला नको, ओव्हरफ्लोच्या वर हवा.

बोअरची लाइन आणि नळाची लाइन एका ‘टी’ जोडानं जोडून मध्ये व्हॉल्व्ह ठेवायची पद्धत इथं सर्रास आहे. तो व्हॉल्व्ह कुणीतरी एक दिवस अर्धवट उघडा ठेवतो आणि बोअरचं पाणी थेट पिण्याच्या लाइनीत जातं. दोन्ही लाइनी वेगळ्याच ठेवा. बोअर फक्त संडास आणि फरशीसाठी असेल तर त्या पाइपाला रंगाचा पट्टा मारा आणि तोटीवर ‘पिण्यासाठी नाही’ असं मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत, कामावरच्या पोरांना वाचता येईल तसं लिहा. टँकर आला की त्याची नळी रस्त्यावर लोळत येते. टोक धुतल्याशिवाय हौदात सोडू देऊ नका, आणि पाण्यात बुडवू तर अजिबात देऊ नका.

सोडा मशीन असलेल्यांसाठी थोडक्यात: कार्बन डायऑक्साइड मिसळलेलं पाणी आम्लधर्मी असतं. ते तांब्याच्या पाइपात मागे गेलं तर तांबं विरघळवतं, आणि असं पाणी प्यायल्यावर मळमळ, उलट्या होतात. मशीनला लागून फूड ग्रेड प्लास्टिक किंवा स्टेनलेस स्टीलची लाइन घ्या, आणि मागे हवा सोडणारा बॅकफ्लो प्रिव्हेंटर.

तक्रार आली नाही, याचा अर्थ काय?

१९३३ साली अमेरिकेत शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या दोन मोठ्या हॉटेलांत सदोष नळजोडणीमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि अमीबाच्या आमांशानं ९८ माणसं गेली. आजार उघडकीला यायला वेळ लागला, कारण पाहुणे तोवर आपापल्या गावी पांगले होते. आपल्याकडे सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आलेला, किंवा पंढरपूर-अक्कलकोट-तुळजापूर करत एक वेळ तुमच्याकडे जेवलेला माणूस तसाच पांगतो. टायफॉइड दिसायला एक ते तीन आठवडे लागतात, कावीळ त्याहूनही उशिरा. तोवर तो गावाकडे असतो. तो परत येऊन सांगणार नाही, म्हणून आपणच तपासायचं.

रोजची तपासणी अवघड नाही. ग्रामपंचायतीत करतात तीच, पाण्यातलं क्लोरीन बघायची ओटी (ऑर्थोटॉलिडिन) टेस्ट: नळाच्या पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग येतो, तो तक्त्याशी जुळवायचा. शेवटच्या तोटीला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवरची टाकी तापते आणि क्लोरीन लवकर उडतं, तेव्हा टेस्ट चुकवू नका. टेस्टचं पाणी लगेच ड्रेनेजला, ते द्रावण पोटात जाण्यासारखं नाही. महिन्यातून एकदा एचटूएस बाटली (मैल्यातल्या जंतूंची चाचणी करायची तयार बाटली) भरून ठेवा. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर मैला मिसळल्याचा संशय धरा. सहा महिन्यांनी प्रयोगशाळेत नमुना द्या आणि आयएस १०५००, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे तपासायला सांगा. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) तपासणीतही तोच कागद कामाला येतो. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा मैल्यातला जंतू सापडताच कामा नये, एवढी ओळ आधी बघा.

शंका आली त्या दिवशी

पाण्याला वास आला, गढूळ आलं, किंवा कामावरच्या दोघा-तिघांना एकदम जुलाब झाले, तर नळाचं पाणी तिथंच थांबवा. तयार बर्फ, चटण्या, कोशिंबीर, ताक टाकून द्या. स्वयंपाकाला आणि प्यायला पाणी खळखळ उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळून घ्या. हौद-टाकी उपसून घासा, मग प्रत्येक हजार लिटरला ताजी ब्लीचिंग पावडर १५० ग्रॅम, आधी बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं नितळ पाणी ओता. प्रत्येक तोटी क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, बंद करा, रात्रभर राहू द्या. तोट्यांना फडकी बांधा म्हणजे चुकून कुणी पाणी घेणार नाही. सकाळी सगळं सोडून द्या, ताज्या पाण्यानं धुवा. आरओचा पाइप या वेळी काढून ठेवा, एवढ्या क्लोरीनमध्ये त्याचा मेम्ब्रेन (आतला गाळणीचा पडदा) खराब होतो.

हे सगळं तुमची माणसं करू शकतात. आम्हाला बोलवा ते घाण आली कुठून हे शोधायला. येताना आम्ही आधी नळ्यांची टोकं बघतो, मग सिंकखाली वाकतो, मग हौदाचं झाकण उघडतो. तोवर कुणाला नळी उचलून ठेवू देऊ नका, जिथं जशी पडली आहे तशीच राहू द्या.