रसायनशास्त्र विभाग, महाविद्यालयीन (मुंबई)

मुंबई विद्यापीठाशी (स्था. १८५७) संलग्न महाविद्यालयांत रसायनशास्त्राचे अध्यापन, प्रात्यक्षिके आणि जमेल तितके संशोधन चालविणारा घटक. प्रस्तुत नोंद मुख्यतः पदवीपर्यंत शिकविणाऱ्या लहान विभागांपुरती आहे.

आरंभ : मुंबईत या विषयाच्या अध्यापनाचा आरंभ कोठे मानावा, याविषयी दोन भूमिका घेता येतात. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८३५ नंतर ‘नॅचरल फिलॉसॉफी’ या नावाखाली जी व्याख्याने होत, त्यांत रसायनाचा अंश होता, म्हणून तोच आरंभ, ही पहिली. दुसरी १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजकडे बोट दाखविते. तेथे वैद्यकाच्या अभ्यासक्रमात रसायनाला स्वतंत्र अध्यापक होता. हर्बर्ट जॉन जिरॉ हे त्या पदावर होते आणि सरकारी रासायनिक परीक्षकाचे कामही त्यांच्याकडे असे. विषप्रयोगाच्या संशयाने आलेल्या नमुन्यांत सोमल आहे की नाही, हे अशा परीक्षकाला ठरवावे लागे. टेबलावर दाखविलेले प्रयोग आणि हाताने केलेले विश्लेषण यांत फरक करायचा, तर दुसरी भूमिका अधिक सयुक्तिक वाटते. आजच्या प्रात्यक्षिकांतील गुणात्मक विश्लेषणाचा कल वैद्यक व न्यायवैद्यक यांच्या गरजांतून आला असावा, असेही तीवरून सुचते.

विज्ञानाची स्वतंत्र पदवी विद्यापीठाने १८८० च्या सुमारास सुरू केली. एल्फिन्स्टन, विल्सन व सेंट झेविअर्स (१८६९) ही तेव्हाची प्रमुख महाविद्यालये. एल्फिन्स्टनचे विद्यार्थी त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी पुढे विल्सनमध्ये रसायनशास्त्र शिकविले व गिरगावात तंत्ररसायनाची खासगी प्रयोगशाळा काढली. १८९६ साली राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला फासलेले डांबर त्यांनी दगडाला धक्का न लावता काढले. हे काम त्यांच्या अध्यापनापेक्षा अधिक गाजले, ते साहजिकच. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची पायाभरणी १९११ मध्ये झाली आणि इमारत १९२० मध्ये पूर्ण झाली. तिच्यामुळे पदव्युत्तर काम तिकडे एकवटले व लहान महाविद्यालयांकडे पदवीचे वर्ग राहिले. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी याच संस्थेत प्राध्यापक व पुढे संचालक होत्या. विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाने (१९३३) उद्योगाभिमुख विद्यार्थी ओढून घेतले. माटुंग्याचे रुइया (१९३७), दादरचे कीर्ती (१९५४), पार्ल्याचे साठ्ये (१९५९) यांसारख्या महाविद्यालयांमुळे विषय उपनगरांकडे सरकला.

गॅस व पाणी : प्रयोगशाळेतील बर्नरसाठी शहराच्या दक्षिण भागात गॅस कंपनीचा कोळशाचा गॅस नळाने मिळे. जेथे नळ पोचला नव्हता, तेथे आवारात ऑइल गॅसचा संच बसवीत. लालभडक तापविलेल्या लोखंडी भट्टीपात्रात रॉकेल थेंबाथेंबाने सोडायचे, निघालेला वायू पाण्यातून धुऊन तरंगत्या टाकीत साठवायचा. पात्र पुरेसे तापले नाही, तर विघटन न झालेली तेलाची वाफ नळ्यांत थिजून ज्योत पिवळी व काजळी धरणारी होते. फार तापले, तर कार्बन साचून वाट बुजते. पुढे द्रवरूप पेट्रोलियम वायूचे (एलपीजी) सिलिंडर आल्यावर बर्नरची तोटी बारीक छिद्राची घ्यावी लागली, कारण या वायूचा उष्मांक बराच अधिक असतो. ऊर्ध्वपातित पाण्याच्या भट्टीला थंड पाण्याचा सतत प्रवाह लागतो. त्यामुळे नळाला पाणी असेल त्या वेळेतच ती चालविण्याची वहिवाट पडली.

किपचे उपकरण व दुसरा गट : ‘सॉल्ट काढणे’ हे विद्यार्थ्यांच्या तोंडी असलेले काम म्हणजे मिठातील धन व ऋण मूलकांची (विद्युत्भारित घटकांची) ओळख. त्याचे केंद्र हायड्रोजन सल्फाइड वायू. तो किपच्या उपकरणात, म्हणजे एकावर एक बसविलेल्या तीन काचगोळ्यांच्या पात्रात, तयार करतात. मधल्या गोळ्यात फेरस सल्फाइडचे खडे, वरून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल. तोटी बंद केली की साचलेला वायू आम्लाला खाली व तेथून वरच्या गोळ्यात ढकलतो आणि क्रिया थांबते. खड्यांऐवजी चुरा भरला, तर तो फटीतून तळाशी पडतो आणि तोटी बंद असूनही वायू निघत राहतो. सल्फाइडात धातुरूप लोह राहिले असेल, तर हायड्रोजन मिसळून प्रवाह जोरदार दिसतो, साका (द्रावणातून वेगळा पडणारा घन पदार्थ) मात्र पडत नाही. हिरवट झालेले आम्ल संपले असे समजून बदलावे.

धन मूलके क्रमाक्रमाने साका पाडून गटागटांनी वेगळी करतात; आम्लयुक्त द्रावणात या वायूने साका देणारी ती दुसऱ्या गटातील. या गटासाठी द्रावणाची आम्लता सुमारे ०.३ मोलर (मोलर व नॉर्मल ही द्रावणाच्या तीव्रतेची मापे) हवी. ती अधिक झाली, तर कॅडमियम अर्धवटच अवक्षेपित होते व शिसेही निसटते; कमी झाली, तर चौथ्या गटातील जस्त इथेच पडते आणि पुढचा सगळा क्रम चुकतो. नायट्रिक आम्ल उरले असल्यास गंधकाचा दुधी गढूळपणा येतो. नवशिके त्यालाच साका समजतात. वायू विषारी आहे. हवेत दशलक्षात शंभर भागांच्या आसपास नाकाची संवेदना बधिर होते, म्हणून ‘वास गेला’ हे सुरक्षिततेचे लक्षण नव्हे. उपकरण मागच्या व्हरांड्यात ठेवण्याचे कारण हेच. पुढे थायोअसिटामाइड (द्रावणात तापविल्यावर हाच वायू देणारे संयुग) आणि ५०–१०० मिलिग्रॅम नमुन्यावरील सेमिमायक्रो पद्धत यांनी त्याची गरज कमी केली.

अनुमापन व पावसाळा : अनुमापन म्हणजे ब्युरेटमधून मोजून सोडलेल्या द्रावणावरून दुसऱ्या द्रावणाची तीव्रता काढणे. ०.१ नॉर्मल पोटॅशियम परमँगनेटसाठी लिटरला ३.१६ ग्रॅम. द्रावण उकळून, थंड करून काचेच्या लोकरीतून गाळावे. गाळणकागद वापरू नये. त्यावर परमँगनेटचे क्षपण होते. ऑक्झॅलिक आम्ल (०.१ नॉर्मलसाठी ६.३ ग्रॅम) ६०–७० अंश सेल्सिअसला अनुमापित करतात. पहिले थेंब रंग सोडायला वेळ लावतात, कारण क्रियेला वेग देणारे मँगनीज आयन तेव्हा तयार झालेले नसतात. घाई केली, तर तपकिरी मँगनीज डायऑक्साइड दिसू लागते. आम्ल गंधकाम्लच हवे, कारण हायड्रोक्लोरिक आम्लातील क्लोराइडचे ऑक्सिडीकरण होऊन वाचन वाढते.

जून ते सप्टेंबरात सोडियम हायड्रॉक्साइडचे दाणे ताजव्यावरच ओले होतात. म्हणून अचूक वजनाचा हट्ट सोडून ०.१ नॉर्मलसाठी लिटरला चार ग्रॅमहून किंचित अधिक घेतात आणि द्रावण प्रमाणित करतात. शोषकपात्रातील निळे सिलिका जेल गुलाबी झाले की ११०–१२० अंशांना तापवून परत वापरतात. ध्रुवणमापीच्या (ध्रुवित प्रकाशाचे वळण मोजणाऱ्या उपकरणाच्या) भिंगांवर बुरशी धरते. सुटीपूर्वी अल्कलीने भरलेला ब्युरेट तसाच राहिला, तर घासलेली काचेची तोटी कायमची चिकटते. टेफ्लॉनच्या तोटीने हा ताप संपविला. फुटलेल्या काचसामानाची भरपाई ‘ब्रेकेज’ म्हणून अनामतीतून वळती होते. नवे सामान बहुधा प्रिन्सेस स्ट्रीटवरून येते.

अलीकडील बदल : आर्सेनिक व पारा यांची मिठे बहुतेक ठिकाणी प्रात्यक्षिकांतून वगळली गेली. काच धुण्यासाठीचे क्रोमिक आम्लही मागे पडले. रायडरच्या (दांडीवर सरकविण्याच्या बारीक तारेच्या वजनाच्या) दोन पारड्यांच्या ताजव्याची जागा ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ताजव्याने घेतली. त्याच्या खोलीत छताचा पंखा चालू ठेवता येत नाही.