चावी फिरवण्याआधी थांबा : घरी ऑइल बदलताना झालेली चूक कशी निस्तरावी

आमच्या काउंटरवरून ऑइलचा डबा, फिल्टर आणि वॉशर घेऊन जायचं आणि रविवारी सकाळी पार्किंगमध्ये स्वतःच ऑइल बदलायचं, असं करणारे आमचे बरेच ग्राहक आहेत. आम्हाला हे मनापासून आवडतं. जो स्वतःच्या हाताने गाडीचा नट उघडतो तो गाडी जपून चालवतो, हा आमचा अनुभव आहे. पण सोमवारी शटर वर करायच्या आत फोन वाजतो : "दादा, काल ऑइल बदललं, आज खाली डाग दिसतोय." नाहीतर, "ऑइल मोजपट्टीच्या वरच्या खुणेच्या वर गेलंय, चालेल का?" ऑइल कसं बदलायचं हे दाखवणारे व्हिडिओ ढिगाने सापडतात. चुकलं तर पुढे काय करायचं, हे त्यांत फारसं नसतं. म्हणून हे पत्रक.

सगळ्यात आधी एवढं लक्षात ठेवा. काहीतरी चुकलंय अशी नुसती शंका आली तरी चावी फिरवू नका. चालू असेल तर लगेच बंद करा. इंजिन बंद आहे तोवर जवळजवळ प्रत्येक चूक एक वॉशर, एक फिल्टर किंवा लिटर-दोन लिटर ऑइल एवढ्यावर भागते. तेच इंजिन ऑइलशिवाय दोन-चार मिनिटं फिरलं, की क्रँकच्या (इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) बेअरिंगा घासतात आणि इंजिन उघडून हाफ इंजिनचं काम करायची पाळी येते. "बाजूला लावून घेतो आणि मग बघतो" हे दहा मीटरही करू नका. ढकलून लावा.

निस्तरता येत नाही अशी चूक एकच : नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणं. गाडीबरोबर मिळणारा जॅक स्टेपनी बदलण्यासाठी असतो, तो माणसाच्या अंगावर गाडी तोलून धरण्यासाठी नसतो. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉकही नकोत, ते वजनाखाली अचानक फुटतात. सपाट जमीन, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, आणि गाडी घोड्यांवर (गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवर) टेकवलेली, एवढं झाल्याशिवाय डोकं आत घालायचं नाही. घोड्या नसतील तर आमच्याकडे एक जोडी ग्राहकांसाठीच ठेवलेली आहे. शनिवारी संध्याकाळी न्या, सोमवारी आणून द्या. भाडं घेत नाही.

ऑइल जास्त झालं

सर्वांत जास्त फोन याचेच. कारण साधं आहे. गाडीला फिल्टरसकट लागतं समजा तीन लिटरच्या आसपास, आणि डबा मिळतो साडेतीनचा. उरलेलं कशाला ठेवायचं म्हणून सगळा डबा आत जातो. दुसरं कारण म्हणजे गाडी पुढून घोड्यांवर असतानाच पट्टी बघतात. गाडी तिरकी, म्हणजे ऑइलची पातळीही तिरकी, आणि पट्टी खोटं सांगते. बंगल्याच्या उतारावर उभी केलेली गाडीही असंच फसवते.

माप घ्यायचं ते असं. गाडी चारही चाकांवर, सपाट जागी. जास्त झाल्याची शंका नसेल तरच दोन मिनिटं चालू ठेवून बंद करा आणि पाच ते दहा मिनिटं थांबा, म्हणजे वर चढलेलं ऑइल चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतं. पट्टी बाहेर काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पहिल्या खेपेचं माप धरू नका. खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक गाड्यांत लिटरभराचा किंवा थोडा कमी फरक असतो. म्हणून ओततानाच शेवटचं अर्धा लिटर थोडंथोडं घालत पट्टी बघत जावं.

आधीच खुणेच्या वर गेलं असेल तर? नखाच्या कडेएवढं वर असेल तर काळजीचं काही नाही. अर्धं बोट वर असेल तर काढलंच पाहिजे. क्रँक ऑइलच्या वर मोकळी फिरायला हवी. पातळी तिच्यापर्यंत पोहोचली की ताक घुसळावं तसं ऑइल घुसळलं जातं आणि फेस होतो. पंपाने ओढलेल्या फेसात हवा असते, आणि हवा बेअरिंगला वंगण देत नाही. शिवाय ऑइलसीलमधून गळती सुरू होते. टर्बो डिझेल गाडीत धोका आणखी मोठा आहे. जादा ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये गेलं तर इंजिन ते डिझेलसारखं जाळू लागतं, आणि चावी बंद केली तरी थांबत नाही.

जादा ऑइल काढायला चेंबरचा नट (ज्यातून जुनं ऑइल खाली सोडतो तो) पुन्हा उघडायची गरज नाही. मेडिकलमधून पन्नास मिलीची सिरिंज आणि सलाईनची नळी आणा. इंजिन कोमट असू द्या, गरम नको. पट्टीच्या भोकातून नळी हळूहळू आत सोडा आणि ओढत राहा. दहा-बारा खेपांत अर्धा लिटर निघतं. नळी आत जात नसेल तर जबरदस्ती करू नका, गाडी ढकलून ठेवा आणि आम्हाला कळवा.

फिल्टरखालची दुसरी रिंग

आमच्या एका ग्राहकाने सगळं नीट केलं होतं. चालू केल्यावर खाली थेंबही नव्हता. समाधानाने त्यांनी जरा रेस दिली, आणि फिल्टरच्या बगलेतून ऑइलची पिचकारी उडाली. बघता बघता फरशीवर तळं झालं. सोसायटीत दोन पोती लाकडाचा भुसा टाकावा लागला. त्यांनी तत्काळ बंद केलं म्हणून इंजिन वाचलं.

आम्ही जाऊन फिल्टर काढला तर इंजिनच्या तोंडाला जुन्या फिल्टरची रबरी रिंग तशीच चिकटलेली होती. काळ्या धातूवर काळी रिंग, वरून ऑइलचा थर. ती डोळ्याला दिसत नाही, बोटालाच लागते. दोन रिंगा एकावर एक बसल्या की सावकाश चालताना टिकतात, पण रेस वाढून ऑइलचा दाब चढला की वरची सरकते.

म्हणून जुना फिल्टर निघाला की तो उलटा करून बघा, रिंग त्याच्या खाचेत आहे ना. नसेल तर ती वर आहे. इंजिनची बैठक फडक्याने पुसून बोट गोल फिरवा. नव्या रिंगला नवं ऑइल लावा, फिल्टर हातानेच फिरवा, रिंग टेकली की तिथून पाऊण फेरा. फिल्टरच्या डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. पाना लावून आवळू नका, पाना फक्त काढण्यासाठी.

ही चूक झालीच असेल तर चेंबर रिकामा करायची गरज नाही. फिल्टर काढा, जुनी रिंग सोलून टाका, नवी कापली गेली नसेल तर तोच फिल्टर पुन्हा बसवा आणि सांडलं तेवढं ऑइल पट्टी बघत भरा. ज्या गाड्यांत कागदी फिल्टर प्लॅस्टिकच्या टोपीत बसतो, तिथे टोपीची ओ-रिंग नव्या फिल्टरसोबत येते. ती बदलायचीच. टोपी किती आवळायची हे बहुधा टोपीवरच कोरलेलं असतं.

चेंबरचा नट

हळूहळू थेंब पडतोय तर आधी वॉशर बघा. तांब्याचा किंवा ॲल्युमिनिअमचा हा वॉशर एकदाच नीट दबतो. जुनाच परत घातला असेल, किंवा जुना चेंबरला चिकटून राहिला आणि त्यावर नवा बसला असेल, तर झिरपणारच. कृपा करून "अजून थोडं आवळू" असं करू नका. छोट्या पेट्रोल गाड्यांत हा नट साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटरवर बसतो, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. लांब पान्यावर अंगाचा भार टाकला तर तो सहज दुप्पट होतो, आणि ॲल्युमिनिअमच्या चेंबरचे आटे जातात.

आटे जाताना इशारा देतात. नट फिरतो, पण घट्ट होत नाही. काढून बघितला तर त्याच्या आट्यांत केसासारखी चकाकणारी धातूची तार गुंडाळलेली असते. ही तार दिसली की तिथेच थांबा. टेफ्लॉन टेप, एम-सील, लाकडाची खुंटी यांतलं काही नको. टेपचे तुकडे ऑइलच्या जाळीत अडकतात, आणि लावलेला लेप नेमका घाटात सुटतो. आम्ही तिथे नवे आटे पाडून आत स्टीलची इन्सर्ट बसवतो, मूळ मापाचाच नट पुन्हा लागतो. बहुतेक वेळा चेंबर न उतरवता काम होतं.

पुढच्या वेळी नट आधी बोटांनीच तीन-चार फेरे लावा. बोटाने जात नसेल तर आटे तिरपे लागलेत. उघडताना ॲडजस्टेबल पाना वापरू नका, नटाची धार गोल होते. मापाचा रिंग पाना किंवा सॉकेटच लावा.

भलताच नट उघडला

कमी वेळा घडतं, पण सगळ्यात महाग. पुढची चाकं ओढणाऱ्या बहुतेक गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स शेजारीशेजारी असतात, आणि दोघांनाही खाली नट असतो. चुकून गिअरबॉक्सचं ऑइल निघतं आणि वरून इंजिनात नवं ओतलं जातं. म्हणजे गिअरबॉक्स कोरडा आणि इंजिनात दुप्पट ऑइल.

ओळखायचं रंगावरून. इंजिनाचं वापरलेलं ऑइल काळपट असतं. खाली सोनेरी, तांबूस किंवा हिरवट धार पडली, किंवा गंधकासारखा उग्र वास आला, तर नट परत लावा. नवं ओतलं असो वा नसो, चालू करू नका. इंजिनाचं सगळं ऑइल काढून मापात भरायचं आणि गिअरबॉक्सला त्याच्याच ग्रेडचं ऑइल द्यायचं. इंजिनाचं उरलेलं त्यात ढकलू नका. ऑटोमॅटिक गाडी असेल तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढून आणू नका, सपाट ट्रकवरच आणा. गाडी थोडी चाललीच असेल तर किती किलोमीटर, ते आम्हाला खरं सांगा. रागावणार नाही, त्यावरून काय उघडून बघायचं ते ठरतं.

चुकीचं ऑइल

बाइकचं २०डब्ल्यू-४० घरात होतं म्हणून कारमध्ये ओतलं, असं होतं. बाइकचं ऑइल ओल्या क्लचसाठी बनवलेलं असतं. एवढ्याने इंजिन लगेच बिघडत नाही, पण ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० अशा पातळ ग्रेडचं ऑइल मागणाऱ्या इंजिनात ते ठेवू नका, बदला. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरला काजळीचा फिल्टर असतो. त्यांना कमी राख सोडणारंच ऑइल लागतं, दुसऱ्या ऑइलची राख त्या फिल्टरमध्ये साठत जाते. आणि रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन "धुवायचं" हा जुना सल्ला कृपया मानू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगवर टिकत नाही.

घाबरू नका असंही काही आहे. डिझेल गाडीचं नवं ऑइल पहिल्याच दिवशी काळं होतं, ती काजळी आहे. सांडलेले थेंब सायलेन्सरवर जळून थोडा वेळ धूर येतो. पहिल्यांदा चालू करताना, फिल्टर भरेपर्यंत, दोन-तीन सेकंद टकटक ऐकू येते. तेलाच्या झारीचं चित्र असलेला लाल दिवा मात्र पाच सेकंदांत विझलाच पाहिजे. हा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, दाब आहे की नाही एवढंच सांगतो. विझला नाही तर बंद. आणि वरचं झाकण लावलंय ना, ते बॉनेट पाडण्याआधी हाताने चाचपा.

जुनं ऑइल आम्हाला परत द्या

गटारात, झाडाच्या बुंध्याशी किंवा कचऱ्यात नको. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. सेंट्रिंगच्या फळ्यांना किंवा दाराच्या वाळवीला लावायलाही कुणाला देऊ नका, ते हाताला लागतं, जमिनीत मुरतं आणि शेवटी विहिरीत उतरतं. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यातच भरून आणा, त्यात पेट्रोल किंवा कूलंट मिसळू नका. आमच्याकडून ते अधिकृत रिसायकलरकडे जातं. जो डबा परत आणायचा नसेल त्याला भोक पाडा आणि लेबल फाडा, नाहीतर त्यात भेसळीचं ऑइल भरून तो पुन्हा बाजारात येतो.

फोन करताना गाडीचं मॉडेल आणि साल, पेट्रोल की डिझेल, किती ऑइल ओतलं आणि इंजिन किती वेळ चाललं, एवढं सांगा. पट्टी पांढऱ्या कागदावर ठेवून फोटो पाठवलात तर अर्धं निदान तिथेच होतं. रविवारी दुकान बंद असतं, पण तुम्ही ऑइल रविवारीच बदलता हे आम्हाला माहीत आहे. दुपारी दोनपर्यंत फोन उचलतो.