लम्पीची खपली कुठवर जाते?

२०२२ च्या ऑगस्टमध्ये कपाशीत डवरणीची घाई चालू असतानाच जळगावकडून गुरांचा लम्पी रोग आला आणि बघता बघता बुलडाणा, अकोला करत विदर्भभर पसरला. आधी ताप, मग अंगभर गाठी, पायांवर सूज. समोर कुटार टाकलेलं आणि बैल तोंड लावत नाही. कालपर्यंत डवऱ्याला चालणाऱ्या जनावराला उठवायला चार माणसं लागू लागली. सप्टेंबरात सरकारने अख्खा महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र जाहीर केला आणि गुरांचे बाजार बंद पडले. देशभरात त्या वर्षी दीड लाखाहून जास्त गाई-बैल दगावले.

तेव्हा सगळीकडे ‘नवा रोग’ असा बोलबाला होता. आपल्याला तो नवा होता हे खरं, पण लम्पीची पहिली नोंद १९२९ ची, आजच्या झांबियातली. पुढची साठेक वर्षं तो आफ्रिकेतच फिरत राहिला. १९८८ मध्ये इजिप्त, १९८९ मध्ये इस्रायल, २०१३ मध्ये तुर्कस्तान, २०१५ मध्ये ग्रीस आणि २०१९ मध्ये बांगलादेश व आपला ओडिशा. अकोल्याच्या एखाद्या कोठ्यात पहिली गाठ उठली तेव्हा हा विषाणू कोणत्या कुळातला, त्याला कोण वाहून नेतं, कोणती लस चालते, किती जनावरांना टोचली म्हणजे साथ थांबते, यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं हाताशी होती. ती दुसऱ्या देशांतल्या पशुपालकांनी आपली ढोरं गमावून मिळवून दिलेली होती.

यातलं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण बाल्कन देशांचं. २०१६ मध्ये ग्रीस, बल्गेरिया, सर्बिया, अल्बानिया अशा देशांत लम्पी धडाधड पसरला. एकेका देशाने आपापल्या हद्दीत झुंजून भागणार नव्हतं, कारण हा रोग वाहून नेणारी माशी सीमा पाहत नाही. युरोपीय संघाने लसींचा सामाईक साठा उभा केला. लस मूळ दक्षिण आफ्रिकेतल्या विषाणूपासून तयार झालेली होती. ती साथ लागलेल्या गावांपुरती न वापरता आख्ख्या पट्ट्यातल्या सगळ्या गुरांना टोचली. क्रोएशियात तर एकही जनावर आजारी नसताना लसीकरण उरकून घेतलं. २०१६ मध्ये त्या भागात ७,४८३ ठिकाणी उद्रेक झाले होते, २०१७ मध्ये ते ३८५ वर आले. आपल्याकडे सुरुवातीला बाधित गावाभोवतीच्या ५ किलोमीटरमध्ये टोचणी झाली आणि राज्यभराचा निर्णय मागाहून आला. बाल्कनचा अनुभव छापून तयार असताना आपण तो लवकर उचलायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

लसीकरणाला आलेल्या डॉक्टरांना गावोगाव एक प्रश्न विचारला गेला: शेळीची लस गाईला कशी चालेल? आपल्याकडे तेव्हा लम्पीची स्वतःची लस बाजारात नव्हती, म्हणून शेळ्यांच्या देवीची लस वापरली. मेंढ्यांची देवी, शेळ्यांची देवी आणि लम्पी हे तिन्ही विषाणू एकाच कुळातले. त्यांचा जनुकीय मजकूर जवळपास ९७ टक्के सारखा आहे. त्यामुळे एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यालाही बऱ्यापैकी रोखते.

दरम्यान देशी लसही तयार होत होती. २०१९ मध्ये रांचीतल्या आजारी गुरांच्या त्वचेच्या नमुन्यातून विषाणू वेगळा केला गेला. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या मदतीने तो प्रयोगशाळेतल्या पेशींवर पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेला, इतका की तो रोग करेनासा झाला, पण शरीराला ओळख मात्र करून देत राहिला. १० ऑगस्ट २०२२ ला ही लस जाहीर झाली. ज्या पेशींवर तो वाढवला त्या व्हेरो पेशी मुळात आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडाच्या, आणि त्यांचा वाण जपानी संशोधकांनी १९६२ मध्ये तयार केलेला. झारखंडची गाय, आफ्रिकेतलं माकड, जपानची प्रयोगशाळा आणि हरियाणातली संस्था, असं सगळं त्या एका कुपीत उतरलं आहे.

नमुना घेणं हे काम दिसायला अगदी साधं. गाठ वाळली की तिच्यावर जाड, काळपट खपली धरते. जनावराला दाव्याने आखूड बांधतात, एक जण शिंगं धरतो. डॉक्टर चिमट्याने खपलीची कड उचलतात, खाली लालसर खड्डा दिसतो. खपली छोट्या नळीत जाते, नळीवर गावाचं नाव, तारीख, कानातल्या बिल्ल्याचा नंबर, आणि नळी बर्फाच्या डब्यात. “डाक्टर, ह्या खपलीचं काय करता जी?” असं कुणीतरी विचारतंच.

त्या वाळक्या खपलीत विषाणू महिनाभरसुद्धा तग धरून राहतो. त्याच्या डीएनएमध्ये सुमारे दीड लाख अक्षरं असतात. ती वाचली आणि इतर देशांनी जाहीर करून ठेवलेल्या वाचनांशी ताडून पाहिली की हा विषाणू कुणाचा भाऊबंद ते कळतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या नेतृत्वाखालील गटाने महाराष्ट्रासह गुजरात, राजस्थान आणि कर्नाटकातल्या गुरांचे २२ नमुने असे वाचले. त्यांना दोन वेगवेगळे प्रकार सापडले. एक रांची (२०१९) आणि हैदराबाद (२०२०) इथल्या जुन्या विषाणूंशी मिळताजुळता, तर दुसरा रशियातल्या २०१५ च्या उद्रेकातल्या विषाणूसारखा. रशियाने आपलं वाचन सगळ्यांसाठी खुलं ठेवलं नसतं, तर हा दुसरा प्रकार कुठल्या वळणाचा हे आपल्याला उमगलंच नसतं.

इंग्लंडमधल्या पिरब्राइट संस्थेने आणखी एक गोष्ट मोजून दाखवली. कोठ्यात चावणाऱ्या माश्या आणि डास आजारी वासरांवर बसवून किती विषाणू उचलतात ते पाहिलं. अंगावर गाठी असलेल्या जनावराकडून कीटकांना विषाणू मिळण्याची शक्यता, संसर्ग होऊनही गाठी न आलेल्या जनावरापेक्षा कितीतरी पटींनी जास्त निघाली. म्हणजे गाठी आलेला बैल पहिल्याच दिवशी वेगळा बांधला, गावची गुरं जमतात त्या आखरावर पाठवला नाही, त्याच्याभोवती मच्छरदाणी लावली आणि धूर केला, तर बाकीचा कोठा वाचण्याची आशा बरीच वाढते.

देशांनी एकमेकांना रोगाची खबर द्यायची ही रीत सुरू झाली तिच्या मुळाशी भारतातली गुरं आहेत. १९२० मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेली गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरली आणि त्यांच्याबरोबर बुळकांडी युरोपात शिरली. त्या धक्क्यातून १९२४ मध्ये २८ देशांनी पॅरिसमध्ये एक संघटना स्थापन केली, तीच आजची जागतिक प्राणी आरोग्य संघटना. बुळकांडी म्हणजे तोंडात फोड, पाण्यासारखी हगवण आणि आठवड्या-दीड आठवड्यात मरण. दावणीच्या दावणी रिकाम्या करणारा रोग. १९२० च्या दशकात उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरला एडवर्ड्स या शास्त्रज्ञांनी शेळीवर विषाणू वाढवून लस केली. पुढे केनियात वॉल्टर प्लाउराइट यांनी पेशींवर वाढवलेली, अधिक सुरक्षित लस दिली. तरी अडचण उरली ती बर्फाची. अमेरिकेत तयार झालेल्या सुधारित लसीने ती सोडवली, कारण ती महिनाभर शीतपेटीशिवाय टिकायची. इथिओपिया आणि सुदानमध्ये गुराख्यांपैकीच काहींना शिकवून ती टोचून घेतली. आपल्या मे महिन्याच्या उन्हात, वीज गेलेल्या दवाखान्यात लस सांभाळणाऱ्याला या गोष्टीचं मोल सांगायला नको. भारतात बुळकांडीचा शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये झाला, आणि २०११ मध्ये जग या रोगातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने समूळ नाहीसा केलेला हा दुसराच रोग.

या सगळ्या सहकार्यात मोडता घालते ती भीती. नवा रोग आढळला की २४ तासांच्या आत जागतिक संघटनेला कळवायचं असा नियम आहे. पण कळवलं की निर्यात थांबते, म्हणून देश चालढकल करतात. गावातही तसंच होतं. गाठी दिसल्या की बाजार बंद, दूध कुणी घेईना, म्हणून माणूस दोन दिवस गप्प राहतो, आणि तेवढ्यात माश्यांनी आपलं काम केलेलं असतं. (लम्पी माणसाला होत नाही. दूध उकळून घ्यावं, ते टाकून देण्याचं कारण नाही.) लम्पीने दगावलेल्या दुधाळ गाईला ३०,००० रुपये, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० अशी मदत राज्याने ठरवली होती. ती रक्कम जितक्या लवकर खात्यात पडेल, तितक्या लवकर पुढची खबर दवाखान्यात येईल. संशोधनाच्या मोठमोठ्या करारांत मला हा मुद्दा ठळक हवा आहे, कारण खरं बोलणाऱ्याचं नुकसान होत असेल तर नमुना प्रयोगशाळेपर्यंत पोचतच नाही.

नागपुरात पशुवैद्यक विद्यापीठ आहेच. डिसेंबर २०२२ मध्ये तिथेच राष्ट्रीय एक आरोग्य संस्थेची पायाभरणीही झाली. माणसं, पाळीव जनावरं आणि रानातले प्राणी यांच्या रोगांकडे एकत्र पाहणं हे तिचं काम. जंगलाला लागून चराई असलेल्या विदर्भात ती उभी राहते आहे हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

जगाने पुढचं लक्ष्य ठरवलंय ते शेळ्या-मेंढ्यांच्या पीपीआरचं. हा बुळकांडीचाच जवळचा नातलग, २०३० पर्यंत संपवायचा आहे. हिमाचलमधल्या सुंग्री गावच्या विषाणूपासून केलेली आपली लस चांगली आहे. पण रोगमुक्त ठरायला २४ महिन्यांत एकही उद्रेक नाही हे देशाला पुराव्यानिशी दाखवावं लागतं. त्यासाठी मेळघाटात किंवा गडचिरोलीत ताप येऊन, नाक वाहून मेलेल्या प्रत्येक बेरारी शेळीची खबर लागते, आणि ती मेली कशाने हे तपासून सांगणारी प्रयोगशाळाही जवळ लागते.