नळ बंद, तरी पंप सुरू : गळती की उलटा प्रवाह?

शिडाच्या नौकेवर रात्री सगळे नळ घट्ट बंद असताना गोड्या पाण्याचा पंप अचानक दोन सेकंद घरघरतो, थांबतो आणि दहा मिनिटांनी पुन्हा घरघरतो. इमारतीच्या गच्चीवरचा प्रेशर पंप एखादा फ्लश ठिबकत असला की अपरात्री चालू होतो, तसलाच हा प्रकार समजून बहुतेक जण बॅटरी हातात घेऊन नळ्यांचे जोड तपासू लागतात. मात्र हेच लक्षण दोन निरनिराळ्या दोषांतून उद्भवते. एकात पाणी नळ्यांमधून बाहेर गळते, तर दुसऱ्यात ते पंपातूनच मागे, टाकीकडे सरकते.

नौकांवर बहुधा १२ व्होल्टवर चालणारा, आत रबरी पडदा असलेला पंप असतो. दाब चौरस इंचाला सुमारे ४० पौंडांवर गेला की त्यावरचा स्विच मोटर बंद करतो आणि २५च्या आसपास उतरला की चालू करतो. मॉडेलप्रमाणे हे आकडे थोडे बदलतात. दाब का उतरला, हे मात्र स्विचला कळत नाही.

पाणी बाहेर गळत असेल तर टाकी रिकामी होते, आणि ही गळती वाटते तितकी किरकोळ नसते. मिनिटाला १० लिटर देणारा पंप दर दहा मिनिटांनी दोन सेकंद चालत असेल, तर दिवसाला सुमारे ४८ लिटर पाणी जाते. ते नौकेच्या तळाशी, म्हणजे बिल्जमध्ये साचते, पण तिथला स्वयंचलित पंप ते समुद्रात फेकून देत असल्यामुळे पुरावाच उरत नाही. म्हणून तो पंप काही तास बंद ठेवून, तळ फडक्याने कोरडा करून मग पाहावे. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवला, तर डोळ्यांना न दिसणारा पाझरही त्यावर उमटतो. सगळ्यांत आधी नौकेच्या मागच्या बाजूचा शॉवर पाहावा, कारण तो नीट बंद करायचे राहून जाते आणि तिथले पाणी थेट समुद्रात पडते.

उलट्या प्रवाहात टाकीची पातळी तशीच राहते आणि तळही कोरडा असतो. खर्च होते ती फक्त वीज. पंपातल्या छोट्या रबरी झडपांनी पाणी मागे जाऊ द्यायचे नसते, पण टाकीला भोक पाडताना आत पडलेला प्लास्टिकचा एखादा कीस झडपेखाली अडकला, तरी ती पुरती मिटत नाही. धक्क्यावरच्या पाण्याची नळी थेट नळांच्या जाळ्याला जोडण्याची सोय असेल, तर आणखी एक खूण मिळते: पंप बंद असतानाही टाकी हळूहळू भरत जाते.

निवाडा करण्यासाठी पंपाच्या लगेच पुढे, नळांच्या बाजूला, एक बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे दांडा फिरवून पाणी अडवणारी तोटी, असावा. नसल्यास तो बसवून घेणे मला नवा पंप आणण्यापेक्षा शहाणपणाचे वाटते. व्हॉल्व्ह बंद केल्यावर घरघर थांबली, तर दोष पुढच्या नळ्यांत आहे. ती चालूच राहिली, तर पंपाचे डोके उघडून झडपा धुवाव्यात किंवा बदलाव्यात. स्विचचा स्क्रू फिरवून दाब कमी-जास्त करणे हा दोन्हींवर उपाय नाही. इंजिन बंद केल्यानंतर त्याच्या उष्णतेवर तापलेली गरम पाण्याची टाकी निवताना पाणी आकुंचन पावते आणि पंप एखाद-दुसऱ्या वेळी चालू होतो, तो दोष नव्हे. म्हणून ही चाचणी पाणी थंड असतानाच घ्यावी.

दोन्ही दोष एकदमही असू शकतात. व्हॉल्व्ह बंद केल्यावर पंपापुढे नळीचा जेमतेम वीतभर तुकडा उरतो, त्यामुळे निव्वळ उलट्या प्रवाहात दाब आणखी लवकर उतरून पंप पूर्वीपेक्षा जास्त वेळा चालू व्हायला हवा. तसे न होता दोन घरघरींमधले अंतर वाढले, पण घरघर पूर्ण थांबली नाही, तर झडपा साफ केल्यावर जोडांकडेही वळावे लागते.