विमानातील धूर व दर्प : जमिनीवरील हाताळणी

प्रवासी विमान तळावर उभे असताना, धावपट्टीकडे जाताना किंवा उतरल्यावर केबिनमध्ये धूर अथवा उग्र वास आढळल्यास करावयाची कार्यवाही. धूर दिसतो; दर्प दिसेलच असे नाही. या दुसऱ्या प्रकाराला मराठीत रुळलेला एकच शब्द नाही. ‘वाफा’ व ‘बाष्प’ हे पर्याय वापरले जातात, पण त्यांत पाण्याचा भास होतो. म्हणून येथे ‘दर्प’ पत्करला आहे. तासगाव (जि. सांगली) भागात बेदाण्याला गंधकाची धुरी देणाऱ्यांना हा भेद समजावावा लागत नाही. धुरीतला सल्फर डायऑक्साइड रंगहीन असतो, तरी घशाला आधी तोच झोंबतो.

पावसाळ्यात थंड हवेच्या झरोक्यांतून निघणारा पांढरा लोट म्हणजे धूर नव्हे. दमट हवेतील बाष्पाचे ते धुके असते. त्याला वास नसतो व वीतभर अंतरावर ते विरते.

उगम : बहुतेक जेट विमानांत केबिनची हवा इंजिनाच्या दाबयंत्रातून काढून घेतात, जमिनीवर बहुधा शेपटातील साहाय्यक इंजिन ती पुरवते. तेलाची सील झिजली, किंवा तेल गरजेपेक्षा जास्त भरले गेले, की त्याचा अंश या हवेत उतरतो. मळक्या मोज्यांसारखा वास ही त्याची नेहमी सांगितली जाणारी खूण. शेजारच्या विमानाचा धूर, हायड्रॉलिक द्रव, तापलेली वायर, स्वयंपाककक्षातील ओव्हन आणि अलीकडे पॉवर बँकेतील लिथियम बॅटरी हेही उगम आहेत.

इंजिनाच्या तेलात ट्रायक्रेसिल फॉस्फेट असते. त्याच्या ऑर्थो प्रकाराने मज्जातंतूंना इजा होते, हे अमेरिकेत १९३० मध्ये भेसळयुक्त आल्याच्या अर्कामुळे झालेल्या पक्षाघाताच्या साथीने दाखवून दिले. विमान कर्मचाऱ्यांच्या दीर्घकालीन तक्रारींसाठी ‘एरोटॉक्सिक सिंड्रोम’ ही संज्ञा १९९९ च्या सुमारास पुढे आली. ब्रिटनच्या विषविज्ञान समितीने २००७ व २०१३ मध्ये पुरावे तपासले. कार्यकारणसंबंध सिद्ध झाल्याचे तिने मानले नाही. सीलमधून काही गळती नेहमीचीच असते, असे हा संबंध मानणाऱ्यांचे म्हणणे. तात्कालिक त्रास खरा आणि दीर्घकालीन आजाराचा प्रश्न खुला, हे मत अधिक सावध वाटते. बोइंग ७८७ मध्ये (प्रवासी सेवेत २०११) केबिनची हवा इंजिनातून न घेता विजेवरील दाबयंत्रांतून घेतात.

हाताळणी : वैमानिक विमान थांबवून ब्रेक लावतात, स्वतः ऑक्सिजन मुखवटा चढवतात, नियंत्रण कक्षाला कळवतात आणि संशयित हवापुरवठा तोडतात. केबिन कर्मचारी श्वसनरक्षक टोप घालून उगम शोधतात. प्रवाशांचे ऑक्सिजन मुखवटे यासाठी नसतात. त्यांत केबिनचीच हवा मिसळते, शिवाय आग असल्यास ऑक्सिजन तिला पोसतो. बॅटरीची ज्वाला विझवल्यावरही ती पाण्याने थंड करावी लागते.

खरा पेच पायऱ्यांनी उतरवायचे की घसरपट्ट्या उघडायच्या हा असतो. घसरपट्टीवर हातपाय मोडू शकतात, म्हणून नुसत्या दर्पाला बहुधा पायऱ्या. धूर दाटत असेल, तर थांबणे परवडत नाही. रियाध येथे १९ ऑगस्ट १९८० रोजी आत आग लागलेले ट्रायस्टार विमान सुखरूप उतरले, पण थांबल्यावरही इंजिने सुमारे तीन मिनिटे चालूच राहिली; दार उघडायला वीसहून अधिक मिनिटे गेली. आतील ३०१ जणांपैकी कोणीही वाचले नाही. मँचेस्टरला २२ ऑगस्ट १९८५ रोजी विमानाला लागलेल्या आगीत ५५ जण दगावले, बहुतेक धुराने. सिनसिनाटी येथे (२ जून १९८३) आग लागलेल्या विमानाची दारे उघडल्यावर आत शिरलेल्या हवेने दीड मिनिटाच्या आत भडका उडवला. अर्ध्या दारांतून ९० सेकंदांत विमान रिकामे झाले पाहिजे, ही प्रमाणन चाचणीची अट आहे. प्रत्यक्षात सामान उचलणारे प्रवासी ती मोडीत काढतात.

सातारा–सांगली : दोन्ही जिल्ह्यांत नियमित प्रवासी विमानसेवा नाही. कराडची धावपट्टी १९५० च्या दशकात कोयना प्रकल्पासाठी झाली, असे मानतात. कवलापूरची जुनी धावपट्टी वापरात नाही. प्रवासी कोल्हापूर (उजळाईवाडी) वा पुणे (लोहगाव) गाठतात. छोट्या मार्गांवरील एटीआर या पंख्याच्या विमानांत साहाय्यक इंजिन नसते; त्याऐवजी पंखा ब्रेकने रोखून उजवे इंजिन चालू ठेवण्याची सोय बहुतेकांत असते. त्यामुळे वारा मागून असला, तर चढता-उतरताना इंधनाचा वास येऊ शकतो.