उभी काच, कोरडी काच

ब्रिटनमधील पिल्किंग्टन कंपनीने 1959 साली जगापुढे आणलेल्या पद्धतीनुसार वितळलेल्या कथिलावर तरंगत तयार होणाऱ्या काचेला फ्लोट काच म्हणतात. तिचा पूर्ण आकाराचा तक्ता साधारण 6 मीटर लांब आणि 3.21 मीटर रुंद असतो. 6 मिलिमीटर जाडीच्या अशा तक्त्याचे वजन 290 किलोच्या आसपास भरते. असे 20 तक्ते एकत्र ठेवले की पावणेसहा टनांचा ठोकळा तयार होतो. कारखान्यातून गोदामात, तिथून ट्रकवर आणि अखेर बांधकामाच्या जागी पोहोचेपर्यंत त्यातल्या एकाही काचेवर टवका, ओरखडा किंवा डाग पडलेला चालत नाही. त्यासाठी काचेच्या धंद्यात ज्या रीती रूढ झाल्या आहेत, त्या वरवर पाहता कारागिरांच्या सवयी वाटतात; पण त्यांतील बहुतेकींचे मूळ काचेवरील सूक्ष्म चिरांमध्ये आणि पाण्यात आहे.

अणूंमधील बंधांच्या हिशेबाने पाहिले, तर काच पोलादापेक्षाही बळकट असायला हवी. प्रत्यक्षात ती त्या बळाच्या शंभराव्या हिश्श्यालाही मोडते. या विसंगतीचा उलगडा ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1921 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात केला. त्याने काचेचे ताजे तंतू ओढून त्यांची ताकद मोजली, तेव्हा सर्वांत बारीक तंतू मिलिमीटरभर जाडीच्या कांडीपेक्षा जवळजवळ वीसपट बळकट निघाले. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात आणि ताण पडला की तो प्रत्येक चिरेच्या टोकाशी एकवटतो. कापडाचा दुकानदार मांजरपाट फाडताना आधी काठाला कात्रीने जरासे कापून घेतो, तोच हा प्रकार. धातूमध्ये चिरेच्या टोकाशी पदार्थ थोडा सरकतो आणि टोक बोथट होते. काचेला ती सोय नाही. म्हणून काचेची निगा म्हणजे मुख्यतः तिच्या पृष्ठभागाची, आणि त्याहूनही तिच्या कडांची निगा, कारण कापताना सर्वाधिक चिरा कडेलाच राहतात. कड सिमेंटच्या फरशीवर किंवा लोखंडावर टेकवू नये, तिच्याखाली लाकूड, रबर किंवा नमदा असावा, हा नियम त्यातूनच आला.

काच उभी का ठेवतात, याचे उत्तर थोड्या गणिताने मिळते. 3 मीटर लांबीची, 6 मिलिमीटर जाडीची काच आडवी धरून फक्त दोन टोकांना आधार दिला, तर ती स्वतःच्याच वजनाने मध्यभागी सुमारे 12 सेंटिमीटर वाकते आणि तिच्या खालच्या बाजूवर सुमारे 28 मेगापास्कल इतका ओढणारा ताण येतो. एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 10 किलो वजनाइतका भार. साध्या काचेसाठी हा ताण धोक्याच्या अगदी जवळचा आहे. तीच काच उभी केली, तर तळाच्या कडेवर जेमतेम 0.07 मेगापास्कल ताण येतो, आणि तोही दाबणारा. दाबाने चिरा मिटतात आणि ओढीने उघडतात, त्यामुळे उभ्या काचेचा फायदा दुहेरी आहे. सपाट टेबलावर संपूर्ण आधार दिला तर आडवी काचही सुरक्षित राहते, हे खरे. पण गोदामातील जमीन टेबलाइतकी सपाट नसते आणि ढिगातील सर्वांत खालच्या काचेखाली आलेला एखादा खडा वरचा सगळा भार एका बिंदूवर घेतो.

अगदी काटकोनात उभी केलेली काच पुढे कोसळू शकते, म्हणून इंग्रजी ए अक्षराच्या आकाराच्या घडवंचीवर ती 5 ते 6 अंश मागे रेलून ठेवतात. तळाचा आधारही तेवढाच कललेला हवा, नाहीतर सगळे वजन कडेच्या एकाच टोकदार रेषेवर येते. ढीग कलू लागलाच, तर त्याला हात द्यायला धावू नये, बाजूला व्हावे. टनावारी वजन माणसाला थोपवता येत नाही. काचेच्या गोदामातील जीवघेणे अपघात फुटलेल्या तुकड्यांपेक्षा या वजनामुळे अधिक होतात, असे माझे मत आहे.

वाहतुकीतही हेच तत्त्व चालते. ट्रकवर काच वाहनाच्या लांबीला समांतर उभी करतात, म्हणजे ब्रेक लागल्यावर बसणारा झटका तिच्या प्रतलात जातो, पाठीवर येत नाही. पट्टे आवळताना दाब जिथे पडेल तिथे मागेही आधार असावा लागतो. पोकळीवर आवळलेला पट्टा काचेला वाकवतो. कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीच्या आरशासाठी ओतलेली 200 इंच व्यासाची, सुमारे 20 टनांची पायरेक्स (उष्णता सोसणाऱ्या काचेची) चकती 1936 साली न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंगहून कॅलिफोर्नियातील पॅसाडेनाला रेल्वेने नेली, तीसुद्धा पोलादी पेटीत उभी करूनच, ताशी 40 किलोमीटरच्या मर्यादेत.

दोन काचांमधील धूळही उपद्रवी असते. वाळूतील क्वार्ट्ज काचेपेक्षा कठीण असल्यामुळे रस्त्यावरील हादऱ्यांनी तिचा एकेक कण ओरखडे काढत जातो. म्हणून काचांमध्ये कागद घालतात किंवा ॲक्रिलिकच्या अतिसूक्ष्म गोळ्यांची पावडर फवारतात. याच पावडरीचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे आणि ते पाण्याशी निगडित आहे.

खिडकीतील काच कित्येक पावसाळे झेलते आणि तिला काही होत नाही. गोदामात ओलीला राहिलेला ढीग मात्र काही आठवड्यांत इंद्रधनुषी झाक धरतो आणि पुढे पांढुरका होतो. साध्या काचेत 13 ते 14 टक्के सोडियम ऑक्साइड असते. पाणी लागले की पृष्ठभागातील सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि पाण्यातील हायड्रोजनचे आयन त्यांची जागा घेतात. त्यामुळे पाणी अल्कधर्मी होत जाते. खिडकीवर ते वाहून जाते आणि प्रश्न मिटतो. दोन तक्त्यांच्या फटीत केशाकर्षणाने शिरलेला पाण्याचा थर मात्र इतका पातळ असतो की त्याचा सामू (पीएच) लवकरच 9 च्या वर जातो, आणि मग सिलिकाचे जाळेच विरघळू लागते. पावडरीत अडिपिक आम्लासारखे सौम्य आम्ल मिसळतात ते हा अल्कधर्म मारण्यासाठी. सुरुवातीचा डाग सेरियम ऑक्साइड या काच घासण्याच्या पावडरीने निघू शकतो. पुढच्या पायरीवर काच टाकून द्यावी लागते.

पाणी यायला छप्पर गळावे लागत नाही. काचेचा जाड ठोकळा सावकाश तापतो. रात्रभर थंड झालेल्या ठोकळ्याला सकाळची दमट हवा लागली की त्यावर दव धरते. कोकणपट्टीतील पावसाळ्यात आणि समुद्रमार्गे येणाऱ्या कंटेनरमध्ये हे हमखास घडते. म्हणून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात, थंड पेटी दमट हवेत लगेच उघडत नाहीत आणि भिजलेला कागद तसाच राहू देत नाहीत, कारण ओला कागद पाणी काचेलाच लावून धरतो. बांधकामावर ढीग प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळून ठेवण्याची सवय या दृष्टीने चुकीची आहे. झाकावे, पण हवा खेळती ठेवावी.

ओल काचेची ताकदही घटवते. ताण असलेल्या चिरेच्या टोकाशी पाण्याचे रेणू सिलिकॉन आणि ऑक्सिजनमधील बंध तोडत जातात आणि चीर अतिशय मंद गतीने पुढे सरकते. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधील शेल्डन वीडरहॉर्न यांनी 1967 साली ही गती मोजली आणि हवेतील आर्द्रता वाढली की तीही वाढते, हे दाखवून दिले. संध्याकाळी नीट उतरवलेल्या काचेला सकाळी तडा गेलेला आढळतो, त्यामागे बरेचदा पट्ट्याखाली राहिलेला ताण आणि रात्रभराची ओल असते.

उन्हात ठेवलेला ढीगही फुटतो, विशेषतः रंगीत काचेचा, कारण मधला भाग तापतो, कडा थंड राहतात आणि त्यांच्यावर ओढ येते. फरक 40 अंशांच्या घरात गेला की साधी काच भरवशाची राहत नाही. बांधकामावर आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात: ताज्या काँक्रीटवरून ओघळणारे पाणी अल्कधर्मी असल्यामुळे ते काच खाते, आणि जवळच वेल्डिंग चालू असेल तर ठिणग्यांचे वितळलेले कण काचेत रुतून बसतात, तेव्हा ढीग तिथून दूर हलवण्याला पर्याय नाही.