दार उचलून लावावं लागतंय? आधी बिजागरी बघा

अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी किंवा त्याहून जुनी फियाट घेऊन आमच्या गॅरेजमध्ये आलेले बहुतेक जण म्हणतात, "कुलूप बदला, दार लागत नाही." कुलूप ठणठणीत असतं. दार खाली बसलेलं असतं, कारण बिजागरीची पिन आणि तिचं भोक झिजलेलं असतं.

घरीच तपासा. दार अर्धं उघडा, कुलपाकडची कड खालून धरून हलकेच वर-खाली करा आणि दुसऱ्या कुणाला तरी बिजागऱ्यांकडे बघायला सांगा. पिन भोकात हलली तर झीज तिथेच आहे. अख्खी बिजागरीच खांबावर (गाडीच्या सांगाड्याच्या ज्या उभ्या भागाला दार जोडलेलं असतं तिथे) हलत असेल तर बोल्ट ढिले आहेत किंवा खांबाचा पत्रा सडलाय. पत्रा सडला असेल तर आधी त्याचं काम. त्याशिवाय आम्ही बिजागरीला हात लावत नाही.

दाराच्या वजनाने वरची बिजागरी बाहेर ओढली जाते, खालची आत दाबली जाते. म्हणून भोक एकाच बाजूने खात जातं आणि लंबगोल होतं. दोन बिजागऱ्यांत अर्धा मीटर अंतर आणि दार एक मीटर लांब धरा. वरच्या पिनेत अर्धा मिलिमीटर ढिलाई आली की कुलपाकडे दार एक मिलिमीटर उतरतं. खालची पिन ढिली असेल तर आणखी. त्यात आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ तेलात कालवली की पॉलिश पेपरसारखी घासते. शिवाय दाराला धरून, त्यावर भार टाकून उतरायची सवय. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सांगणं अवघड, आम्हाला ठाऊक आहे.

काही ठिकाणी बिजागरीत लाकडी ठोकळा घालून दार दाबतात, किंवा समोरच्या खांबावरची कुलपाची पट्टी, म्हणजे जिच्यात कुलूप अडकतं ती, खाली सरकवतात. त्या दिवशी दार छान लागतं, पण पिन ढिलीच राहते. नुसती पिन बदलणंही फुकट: भोक लंबगोल असेल तर नवी गोल पिनही डुगडुगणारच.

आम्ही बिजागरीची जागा पत्र्यावर रेघ मारून ठेवतो, जॅकवर फळी आणि गोणपाट ठेवून दार तोलतो, मग काढतो. रीमर (भोक कातून नेमकं गोल करायचं हत्यार) मारून भोक गोल करतो. बिजागरीत धातू पुरेसा असेल तर जाड पिन (आठची असेल तिथे साडेआठ मिलिमीटरची), नाहीतर भोकात गनमेटलचा (एक प्रकारचं कासं) बुश, म्हणजे पातळ नळी. आमचं जालना सळईचं गाव असलं तरी पिनेला सळईचा तुकडा चालत नाही. ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) चा बार लेथवर टर्निंग करून घेतो. पिन बिजागरीच्या एका पातीत घट्ट आणि दुसरीत फिरती हवी. दोन्हींत फिरली तर वर सरकत सरकत एक दिवस बाहेर पडते.

जुन्या फियाट ११०० चं पुढचं दार उलटं, म्हणजे बिजागरी मधल्या खांबावर आणि कुलूप पुढच्या बाजूला, असं उघडतं. चालत्या गाडीत कुलूप सुटलं तर वारा ते सताड उघडेल. त्यामुळे या गाडीचं कुलूपही तपासल्याशिवाय आम्ही गाडी सोडत नाही.

दार परत चढवताना दाराच्या कडेची रबर बीडिंग (रबरी पट्टी) लावूनच फट जुळवतो आणि कुलपाची पट्टी सगळ्यात शेवटी. नंतरचं काम तुमचं: दसऱ्याला हार घालण्याआधी बिजागरी फडक्याने पुसा, पिनेवर दोन थेंब तेल सोडा, ओघळलेलं टिपून घ्या.

दार काढलेली गाडी रात्री आमच्या शेडमध्येच राहते, म्हणून आतलं सामान घरी ठेवून या. गाडी नेताना जुनी पिन कागदात बांधून देऊ. बोट फिरवून बघा, कुठे खाल्लीय ते लगेच हाताला लागतं.